कणीक झाकलीस का

तेदोरे कामाला लागला त्या दिवशी
मालक ओतिया एवढंच म्हणाला,
"ऐकू येत नाही त्याला. हात मात्र तयार आहेत."

तयार होतेच.
गोळा ताणायचा, तंदुरात कमरेपर्यंत वाकायचा,
होडीसारखी लांबट शोती आतल्या भिंतीवर थापून
एक केस न जळता वर यायचा.

पहिले दोन आठवडे मी त्याच्याशी ओरडून बोलले.
आता लाज वाटते.
बहिऱ्यापुढे ओरडायचं, परक्यापुढे सावकाश बोलायचं,
इतकंच शिक्षण होतं माझं.

मग एका पहाटे, चारच्या सुमारास
(त्या वेळी कुताइसीत रिओनी नदी जागी असते, आणि आम्ही),
त्याने फळीवरच्या पिठात बोटाने लिहिलं: मीठ.
शेजारी हात करून दाखवला.
मी केला. त्याने माझा अंगठा आत मुडपला.
पुन्हा केला. त्याने कोपर खाली दाबलं.
त्रेपन्न वर्षांची बाई मी, अक्षर गिरवत होते,
आणि पाटी हवेची,
लिहिलं रे लिहिलं की पुसलेलं.

बोबडी निघाली माझी बोटं.
पाणी म्हणायला गेले, त्याची म्हैस झाली.
"अजून थोडी म्हैस घाल,"
असं मी पहाटे पाचला गंभीरपणे सांगितलं
आणि तो पोत्यावर बसून हसला.
त्याच्या हसण्याला आवाज होता.
नसेल असं मी का धरून चालले होते, कोण जाणे.

शब्द जमत गेले. चेहरा जमेना.
आमच्या घरात चेहरा सरळ ठेवणं म्हणजे वळण.
इथे भुवई उचलली नाही तर प्रश्न प्रश्न राहत नाही,
तो हुकूम होतो, नाहीतर नुसती बातमी.
हातचं राखून बोलायची माझी जुनी सवय;
तेदोरे माझ्या बोटांकडे बघतच नव्हता,
तोंडाकडे बघायचा, आणि ओळखायचा
की बाई राखून बोलतेय.
रात्री आरशापुढे भुवया वरखाली करत बसले.
बहीण म्हणाली, कुणावर रुसलीस?
म्हटलं, विचारतेय.

मार्चमध्ये भांडण झालं.
सोळा शोत्या करपल्या.
तो म्हणाला तुझ्यामुळे, मी म्हणाले तुझ्यामुळे.
माझे हात आपले आपण सुटले,
शब्द शोधायला थांबले नाहीत,
व्याकरण गेलं चुलीत.
डिसेंबरातलं पीठ, त्याचा उशीर, माझं दुखरं मनगट,
सगळं बाहेर निघालं.
आणि मी ऐन भरात असताना
त्याने डोळे मिटले.

दारं आपटलेली पाहिलीत मी.
फोन आपटलेले.
इतकं घट्ट बंद झालेलं काही पाहिलं नव्हतं.
अर्ध्या वाक्यात हात अधांतरी धरून
उभी राहिले मूर्खासारखी.
मग खाली आणले. वाट पाहिली.
बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला,
एकच.

ओतिया दारातून बघत होता.
"आली की गं भाषा तुला," म्हणाला, आणि
करपलेल्या सोळांचे पैसे दोघांच्या पगारातून कापले.

काल संध्याकाळी तेदोरेची व्हॅन सुटत होती.
इंजिन गुरगुरत होतं, ड्रायव्हरचा रेडिओ चालू,
थांब्यावरचे लोक काचा ठोकत
आपापल्या माणसांना "काय? काय?" विचारत होते.
त्या गलक्यात आमचंच बोलणं तेवढं धड चाललं होतं.
काचेमागून भुवया उचलून तो म्हणाला,
कणीक झाकलीस का?

माझ्या दोन्ही हातांत गरम पावाच्या पिशव्या.
बोलायचं तर त्या खाली ठेवणं आलं.
बाक ओला होता, वितळलेल्या बर्फाने.
ठेवल्या.
झाकली, म्हटलं.
आणि व्हॅन पुलाकडे वळेपर्यंत
आणखीही बरंच काही.